सोन्याची ताटं

चहा संपवून घ्या आधी, नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आता काय सांगू तुम्हाला, गोंधळ मी आयुष्यात पुष्कळ घातलेत. पण एका अख्ख्या धर्माचा गोंधळ घातला तो एकदाच. तोही भर चर्चच्या हॉलमध्ये, स्टीलच्या ताटासकट!

इथे अमेरिकेत, कॅरीला, आमच्या शेजारी रूथमावशी राहतात. ऐंशीला टेकल्यात, पण स्वतः ड्राइव्ह करतात. धर्माने मॉर्मन, ख्रिश्चनांतलाच एक पंथ. म्हणजे दारू नाही, कॉफी नाही, आणि ऐका, चहासुद्धा नाही! पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी हौसेने आलं घालून चहा केला, तर म्हणाल्या, "नो थँक्यू, हनी." मी मूळची पुण्याची. आमच्याकडे चहाला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर रुसलेला. दोन दिवस मी आपली विचार करत बसले, माझं चुकलं काय! हल्ली त्यांच्यासाठी सुंठ घातलेलं दूध असतं.

पण बाई म्हणजे देवमाणूस हो. माझी आई गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला पुण्याला जाता आलं नाही. या मावशी चीज घातलेल्या बटाट्यांचा भलामोठा ट्रे घेऊन आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि मी चार घास खाल्ल्याशिवाय उठल्या नाहीत. सांत्वनाचा एक शब्द नाही, नुसते बटाटे वाढत होत्या. त्या दिवसापासून त्यांना मी मावशी म्हणायला लागले.

तर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक बापटकाका. त्यांचा फोन आला. "नीलिमा, यंदा 'शेजारधर्म' असा विभाग करतोय. तुझी ती शेजारीण मॉर्मन ना? त्यांच्या संस्थापकावर लिही. ते देवदूत, ती डझनावारी लग्नं... जरा मसाला घाल!"

"मसाला मी आमटीत घालते, काका," मी म्हटलं. "लिहीन, पण नीट लिहीन."

इंटरनेट उघडलं, तर अर्धी दुनिया त्या माणसाला प्रेषित म्हणतेय आणि अर्धी भामटा. तुंबळ युद्ध! मी धाडकन लॅपटॉप मिटला आणि सरळ मावशींकडे गेले.

लेखाचं सांगितलं, तशी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या आजीची आजी एका माणसाची तिसरी बायको होती. तिचं ते रडणं आमच्या घरात अजून सांगतात. ते लिही. आणि माझा आमच्या प्रेषितावर विश्वास आहे, रोज प्रार्थना करताना असतो, तेही लिही. आमच्यावर कोणी लिहिलं की लोक आधी हसतात, मग ऐकतात. तू आधी ऐक. विल यू बी फेअर?"

आता 'फेअर' या शब्दाशी माझं जन्मापासून वाकडं. आमच्याकडे त्याचा अर्थ लग्नाच्या जाहिरातीतला, आणि मी पडले कढईच्या बुडाच्या रंगाची. आई बिचारी डाळीचं पीठ आणि साय चोळून चोळून थकली. पण मावशींचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "मावशी, प्रॉमिस."

मग त्यांनी संस्थापकाची गोष्ट सांगितली. एक गरीब शेतकऱ्याचा पोरगा. त्याला देवदूत दिसतो आणि टेकडीत पुरलेल्या गोल्ड प्लेट्स दाखवतो.

गोल्ड प्लेट्स! म्हणजे सोन्याची ताटं! तुम्हीच सांगा, दुसरं काय डोळ्यांपुढे येणार?

"त्यांच्यावर अक्षरं कोरलेली होती," मावशी म्हणाल्या.

"अय्या! आमच्याकडे पण असतात!"

"कोरलेल्या? धातूच्या?"

"घरोघरी! पिढ्यानपिढ्या! माझ्याकडे आईची आहेत ना, कपाटात!"

मावशींचे डोळे एवढे मोठे झाले. मला वाटलं, आपली संस्कृती ऐकून बाई भारावली. भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत कुणाला आवडणार नाही? नाहीतर पंगतीत कुणाचं ताट कुणाच्या घरी गेलं कसं कळायचं?

मग काय, घरी येऊन लेखणी सुटली! 'देवाने या तरुणाला ग्रंथ दिला नाही, तलवार दिली नाही, जेवणाची ताटं दिली. अन्न हे पूर्णब्रह्म, हेच त्या धर्माचं सार. म्हणूनच माझ्या मावशी दुःखाच्या घरी बटाट्यांचा ट्रे घेऊन जातात.' लिहिताना मला रडू आलं हो. स्वतःच्याच लेखाने रडणारी लेखिका कधी पाहिलीत?

चार दिवसांनी मावशींचा फोन. "नीला, तुझ्या प्लेट्सबद्दल मी चर्चमध्ये सांगितलं. सगळ्यांना बघायच्या आहेत. गुरुवारी आणशील?"

"अहो, न आणायला काय झालं!"

आईच्या जुन्या सुती साडीत त्यातलं एक ताट गुंडाळलं आणि लेकीला, सईला, म्हटलं, चल गं सोडायला. सई इथलीच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत.

हॉलमध्ये शिरले तर ही गर्दी! टेबलावर पांढरंशुभ्र कापड. एका आजोबांनी चक्क भिंग आणलेलं. मावशी ठेवणीतला निळा ड्रेस घालून माझ्या शेजारी, मान ताठ. म्हणाल्या, "ही माझी शेजारीण. आपल्यावर लिहिणार आहे, आणि फेअर लिहिणार आहे."

मी साडी उलगडली.

स्टीलचं ताट. एका कडेला थोडा पोचा. मध्ये वरणाचा जुना डाग.

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या! आजोबांनी भिंग लावलं. "कुठली भाषा?"

"मराठी."

"आणि काय लिहिलंय?"

मी खणखणीत वाचलं, "सौ. शालिनीस, डोहाळजेवणानिमित्त, आत्याकडून." आणि भाषांतर केलं. पोटुशी बाई पोटभर जेवावी म्हणून आत्याने दिलेलं ताट. पोटात कोण, तर मीच!

कुणी हसेना. सई माझ्या कानाशी आली. "आई, ओ माय गॉड. नॉट डिनर प्लेट्स. मेटल शीट्स. लाइक, पेजेस! दॅट्स देअर स्क्रिप्चर!"

पानं! सोन्याच्या पत्र्याची पानं! आणि मी त्यांच्या पवित्र ग्रंथात वरण वाढून ठेवलेलं. तेही त्यांच्याच देवाच्या दारात! धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाकीचे गेले उडत, पण मावशी? त्यांनी एकच मागितलं होतं, हसू नकोस. आणि मी त्यांच्या माणसांदेखत त्यांच्या श्रद्धेचा तमाशा केला होता.

"मावशी, सॉरी," मी म्हटलं आणि ताट झाकायला साडी ओढली.

मावशींनी ताट उचललं. त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "इतकी वर्षं घासतेस. हे पुसलं जात नाही?"

"नाही."

"आणि आईची आठवण आली की काढून वाचतेस?"

मी मान हलवली.

"मग तू काही फार चुकली नाहीस, हनी." आणि मग गंभीर चेहरा करून सगळ्यांकडे वळल्या. "आपल्या प्रेषिताला आजवर लोक काय काय म्हणाले. केटरर मात्र पहिल्यांदाच!"

हॉलमध्ये जो हशा पिकला म्हणता! भिंगवाले आजोबा तर डोळे पुसत होते. मीही हसले, आणि हसता हसता मावशींच्या निळ्या ड्रेसवर मनसोक्त रडून घेतलं.

लेख पुन्हा पहिल्यापासून लिहिला. श्रद्धा ठेवणारे काय म्हणतात, शंका घेणारे काय म्हणतात, ती लग्नं, आजीच्या आजीचं रडणं, सगळं. फक्त बटाट्यांचा परिच्छेद ठेवला. सईने अख्खा लेख इंग्रजीत मावशींना वाचून दाखवला. रडण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तिला कोणीतरी विचारलं. बरं वाटलं." बापटकाका मात्र कुरकुरले, "अगदीच अळणी झालाय!"

दिवाळीला मावशी आल्या, हातात गिफ्ट. इंडियन ग्रोसरीतून स्टीलचं ताट आणून ट्रॉफीवाल्याकडून त्यावर मराठीत नाव घालून आणलेलं! मजकूर इंग्रजीत सुचला होता, 'टू माय फेअर रायटर, फ्रॉम रूथ'. भाषांतर केलं फोनने.

आता रोज मी त्याच ताटात जेवते. पाहुणे आले की ताट वाचतात, मग माझ्याकडे बघतात, मग पुन्हा ताट वाचतात. आईला डाळीच्या पिठाने जे जन्मभर जमलं नाही, ते मावशींनी स्टीलवर कोरून दिलंय, आणि ते घासून जात नाही:

'माझ्या गोऱ्यापान लेखिकेस, रूथकडून.'