दोन्ही घरांची फुमिको-सान

ओगावा-सानांनी बेल वाजवली तेव्हा मी ऋचाचा शाळेचा डबा भरत होते. दार उघडलं तर ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून उभे. कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. "फुमिको गेली... पहाटे, हॉस्पिटलात. आजवर तुम्ही तिच्यासाठी खूप केलंत." अशा वेळी बोलायचं जपानी वाक्य मला पाठ होतं. नागोयात सहा-सात वर्षं काढल्यावर ते येतंच. पण तोंडातून बाहेर पडलं ते मराठीच... "अहो, असं कसं? परवा तर बोलल्या माझ्याशी!" त्यांनी मान हलवली, जणू त्यांना शब्द न् शब्द कळला होता. मागून ऋचाने विचारलं, "ओबाचान मेली?" तिने जपानीतच विचारलं; 'ओबाचान' म्हणजे मावशी, जरा लांबवून म्हटलं की आजी. फुमिको-सान तिची मावशीही होती आणि आजीही, आणि त्यासाठी तिच्याकडे दुसरी भाषाच नव्हती.

आम्ही नागोयाला आलो ते नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर. दिवसभर घरात मी आणि दीड वर्षांची ऋचा. खालच्या मजल्यावर ओगावा नवरा-बायको राहायचे, मूलबाळ नव्हतं. आमची ओळख झाली ती कचऱ्यावरून. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याला वार ठरलेला, आणि मी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या ठेवून आले होते. फुमिको-सान ती पिशवी घेऊन वर आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या आत आल्या, जमिनीवर बसल्या, पिशवी उलटी केली आणि एकेक वस्तू उचलून तिचा वार सांगू लागल्या. मला 'मंगळवार'सुद्धा कळत नव्हता. शेवटी दोघी हसत सुटलो. तेव्हापासून सकाळची कामं आटोपली की एक तर त्या वर, नाही तर मी खाली.

त्या गिफूच्या डोंगरातल्या खेड्यातल्या. आईवडील लवकर गेले, थोरल्या भावाने वाढवलं. त्याचं नाव सेइजी, पण त्या कायम 'निईसान' म्हणायच्या, म्हणजे आपला 'दादा'. हा दादा भातशेती करायचा. दर शरदात नव्या तांदळाची गोणी गाडीत घालून स्वतः नागोयाला यायचा, गोणी स्वयंपाकघरात ठेवायचा आणि चहा पिऊन परत जायचा. मुक्काम कधी करायचा नाही. "गाईगुरं नाहीत, तरी म्हणतो शेत एकटं आहे," फुमिको-सान हसायच्या. ओगावा-सान मोटार कंपनीत, परदेशी निर्यातीच्या विभागात. म्हणजे माहेर भातावर आणि सासर गाड्यांवर. याचं कधी भांडण होईल असं कुणाला वाटलं असेल?

त्र्याण्णव साल आलं. जगभरच्या देशांच्या व्यापार कराराची बोलणी कित्येक वर्षं चालली होती आणि त्यात जपानने तांदळाचा बाजार उघडावा, असा आग्रह होता. करारात राहायचं की तांदळासाठी उठून बाहेर पडायचं, यावर सारा देश दुभंगला. सरकारमधल्याच पक्षांत फूट पडली. शेतकरी डोक्याला पट्ट्या बांधून टोकियोत धरणं धरत होते, "एक दाणाही आत येऊ देणार नाही" म्हणत होते. आणि नेमका त्याच वर्षी उन्हाळा आलाच नाही. ऑगस्टमध्ये मी ऋचाला स्वेटर घालत होते. भाताची कणसं भरलीच नाहीत. डिसेंबरात सरकारने करार मान्य केला.

नववर्षाला ओगावा नवरा-बायको नेहमीप्रमाणे गावी गेले. पुढचं मला फुमिको-सानांनीच सांगितलं, कितीतरी दिवसांनी आणि तुकड्यातुकड्यांत. जेवताना टीव्हीवर कराराचाच विषय निघाला. ओगावा-सान थोडे प्यायले होते. म्हणाले, "दादा, तांदळासाठी देश उठून गेला, तर आमच्या गाड्या कोण विकत घेणार? आणि गाड्या विकल्या नाहीत तर तुम्हाला सरकारी मदत कुठून मिळणार?" दादाने पेला खाली ठेवला. "तुमच्या वाडग्यातला भात माझा आहे. तो आधी संपवा, मग बोला." ओगावा-सानांनी वाडगा तसाच बाजूला सारला. दादा उठला आणि म्हणाला, "आता या घरातला एक दाणाही नागोयाला जाणार नाही." फुमिको-सान दोघांच्या मध्ये बसल्या होत्या. "मी काय केलं सांगू?" त्या मला म्हणाल्या. "नवऱ्याचा वाडगा घेतला आणि त्यातला भात मी खाल्ला. सगळा."

त्या वसंतात दुकानांतून जपानी तांदूळ दिसेनासा झाला. रांगा लागायच्या, आणि जो मिळे त्यासोबत परदेशी तांदळाची पिशवी घ्यावीच लागे. लांब दाण्याचा थायलंडचा तांदूळ. लोक म्हणायचे, वास येतो, मोकळा होतो, जेवायच्या काड्यांत धरता येत नाही. आमच्या इमारतीच्या कचऱ्यात न फोडलेल्या पिशव्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. मला मात्र हरखून जायला झालं होतं, कितीतरी वर्षांनी फडफडीत भात! एके दिवशी फुमिको-सान तीच पिशवी छातीशी धरून वर आल्या. "तुमच्याकडे असा खातात ना? मला शिकवा. टाकवत नाही हो. हाही कुणीतरी लावलाच असेल, कमरेत वाकून."

मी मसालेभात केला. तोंडली कुठली मिळायला, वांगी आणि मटार घातले. फोडणीचा धूर डोळ्यांत गेला तशा त्या पदराने पुसावं तसं एप्रनने डोळे पुसत राहिल्या. धूर गेला तरी पुसतच राहिल्या. मग चमच्याने दोन वाट्या खाल्ल्या. मी धीर करून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? करार व्हायला हवा होता की नको?" त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही. दादाला वाटतं मी नवऱ्याकडची. नवरा म्हणतो, तू गावचीच बोलणार. मला दोघांचंही पटतं... म्हणून मी दोघांचीही कुणी नाही."

शरदात गोणी आली नाही. त्याच्या पुढच्या शरदातही नाही. फोन केला की वहिनी उचलायची, "शेतात गेलेत" म्हणायची. पुढच्या जूनमध्ये फुमिको-सानांनी ठरवलं, जाऊन यायचं. "एकटीने धीर होत नाही, तुम्ही चला," म्हणाल्या. आम्ही दोघी आणि ऋचा, आधी ट्रेनने आणि मग बसने गेलो. त्यांनी दादाला आवडतो तो केक घेतला होता. लावणी होऊन शेतं हिरवी झाली होती, पाण्यात डोंगर दिसत होते. दादा बांधावर यंत्राने गवत कापत होता, आमच्याकडे पाठ करून. फुमिको-सान अगदी वीस-पंचवीस पावलांवर थांबल्या. "निईसान!" त्यांनी हाक मारली. यंत्र चालूच राहिलं. पुन्हा मारली. ऋचाला तो खेळ वाटला, तीही ओरडली, "निईसान!" तो गवत कापत कापत पुढे गेला. बांध संपला तिथे वळला आणि पलीकडच्या बांधाला लागला. वळताना आम्ही दिसलो नसू, असं होणं शक्य नव्हतं. फुमिको-सानांनी केक घराच्या पायरीवर ठेवला आणि आम्ही निघालो. बसथांब्यावर वहिनी धावत आली. तिने काकड्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि रडत रडत वाकत राहिली. बसमध्ये फुमिको-सान ऋचाला म्हणाल्या, "यंत्राचा आवाज फार मोठा असतो, नाही का?" पुढे कुणीही विचारलं की त्या हेच सांगायच्या. दादाला ऐकू आलं नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांचं पोट दुखू लागलं. पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. हॉस्पिटलात मी एक दिवसाआड जायची. ओगावा-सान एकदा कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "मी फोन करतो दादांना. पाया पडतो. काय म्हणायचं ते म्हणू दे त्यांना." पण फुमिको-सानच नको म्हणाल्या. "कापणीचे दिवस आहेत. पाऊस यायच्या आत भात घरात यायला हवा. झाली की कळवा." त्यांना खरंच वाटत होतं की तेवढा वेळ आहे... की आता त्यांनीही दादाकडे पाठ फिरवायचं ठरवलं होतं? मला अजून कळलेलं नाही.

त्यांना घरी आणलं. इथे गेलेल्या माणसाच्या उशाशी त्याच्याच वाडग्यात भाताची रास करून ठेवतात, त्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवतात. आपल्याकडे पिंडाला भात लागतो, तसंच. ओगावा-सान स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उघडून नुसते उभे होते. सकाळी त्यांनी गावी फोन करून कळवलं होतं. तेवढ्यात दादा आला. चिखलाचे बूट, अंगावर कामाचे कपडे, खांद्यावर छोटी गोणी. त्याने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही, बूट काढून सरळ स्वयंपाकघरात गेला आणि तांदूळ धुवायला लागला. मी दाराशी होते. मग दादाने मान वर न करता विचारलं, "पाणी किती घालू?" ओगावा-सान म्हणाले, "थोडं जास्त. तिला मऊ आवडायचा."

"लहानपणी मोकळा आवडायचा," दादा म्हणाला.

"नंतर मऊ आवडायला लागला."

दादाने पाणी थोडं वाढवलं. भात झाला, तो दोघांनी मिळून वाडग्यात रचला. एकाने वाडगा धरला, दुसऱ्याने भात चेपला. रास घसरत होती, पुन्हा रचत होते. अंत्यविधी होताच दादा दुपारच्या गाडीने निघून गेला.

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला, म्हणजे आपल्या तेराव्यासारख्या, तो पुन्हा आला. पाहुणे गेल्यावर मी कप विसळत होते, तर मागे येऊन उभा राहिला. बोलायची सवय नसलेला माणूस, शब्द शोधत होता. म्हणाला, "तुम्हीच आला होतात ना, त्या वर्षी, लहान मुलीला घेऊन?" मी हो म्हटलं. दादाची बाजू सांभाळावी म्हणून पुढे हेही म्हणाले, "यंत्र चालू होतं. फुमिको-सान नेहमी म्हणायच्या, तुम्हाला ऐकू आलं नाही."

"असं म्हणायची?"

"सगळ्यांना हेच सांगायच्या."

तो खुर्चीवर बसला. फुमिको-सान जिथे भाजी चिरत बसायच्या, ती खिडकीकडची खुर्ची. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बाहेर खालच्या अंगणात ऋचा कुणाशी तरी मोठमोठ्याने जपानीत बोलत होती.

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा."