कौसाबाईंचं रेकॉर्डिंग मी ऐकलंच नव्हतं

मंडळी, दुपारपासून स्वतःचीच लाज वाटून राह्यली आहे, म्हणून इथं सांगतो.

सूर्यग्रहणात पशुपक्षी कसे वागतात याच्या अभ्यासासाठी जिल्ह्यातल्या लोकांनी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवले होते. ते ऐकून निवडायचं काम माझ्याकडे आहे. हसनाबादच्या कौसाबाईंच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीलाच त्या शेळीला हाकलत होत्या. मी पुढचं न ऐकताच ते कायमचं डिलीट केलं.

आज भोकरदनच्या बस स्टँडवर त्या भेटल्या.

"सर, माझ्या साळुंक्या ऐकल्या का?"

"हो, छान आल्यात," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. "उजेड कमी झाला की समद्या लिंबावर जमल्या, मंग एकदम गप झाल्या. सासूबाई म्हणत होत्या, गिराणात बाहेर बसू नको. पण मी जाग्यावरून हालले न्हाई."

मला पुढं ऐकवेना. मी खरं काय ते सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "पुसलं ते पुसलं. पण आत्ता हो कशाला म्हणलात?"

त्यांची गाडी लागली आणि त्या चढून गेल्या.

डिलीट घाईत झालं, अशी मी स्वतःची समजूत काढू शकतो. ते 'हो' मात्र मी त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणालो होतो.

उद्या हसनाबादला माफी मागायला जाणार आहे. तुम्ही त्यांच्या जागी असता, तर मला दारात उभं केलं असतं का?