धुऱ्यावरचा फोकस

माझ्या दुकानाच्या भिंतीवर एक फोटो आहे. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की मी भरभरून बोलतो, फक्त एक गोष्ट गाळून. ती बायकोलाही कधी सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगतो.

मोताळ्याजवळच्या एका गावात माझं मेडिकल आहे. आणि नाद आहे आकाशाचे फोटो काढण्याचा. चंद्रबिंद्र नव्हे — नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत असे तेजोमेघ, लांबच्या दीर्घिका. जुना कॅमेरा, छोटी दुर्बीण आणि ताऱ्यांच्या चालीने त्यांना फिरवणारं एक यंत्र. शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, असे ढीगभर फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. तेव्हा कुठे काळोखातून काहीतरी उमटतं. बायको म्हणते, एवढ्या वेळात माणूस पोळ्या लाटायला शिकला असता. खरं आहे.

या नादाला वैरी एकच — उजेड. फोटो मी आमच्या वावरातून काढतो आणि त्याला लागूनच सुखदेवभाऊंचा मका. मका म्हटला की रानडुकरं आलीच, म्हणून त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बांबूला सोलरचा फोकस बांधलेला. तो लावायचं काम त्यांच्या वडिलांचं, आबांचं. रोज दिवस मावळताना आबा काठी टेकत यायचे, बटन दाबायचे आणि घरी जायचे. त्या वयात त्यांच्या हातात तेवढंच काम उरलं होतं, आणि ते काम ते कलेक्टरच्या तोऱ्यात करायचे.

एकदा मी सुखदेवभाऊंना विचारून पाहिलं होतं — एक रात्र फोकस बंद ठेवता का? ते हसले. “तुह्या फोटोपाई मका डुकराले देऊ का बे?”

त्यांचं बरोबरच होतं. मग मी काय केलं असेल?

मृग नक्षत्रात घोड्याच्या मुंडक्यासारखा एक काळा ढग आहे. फार पुसट. कितीतरी हिवाळे मी त्याच्या मागे होतो. त्या अमावास्येला आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि फोकसचा उजेड नेमका दुर्बिणीत शिरत होता. मी धुरा ओलांडला आणि बटन बंद केलं. निघताना परत लावू, असं ठरवलं होतं — पण त्याला आता काही अर्थ नाही.

कारण मी ऐकलं होतं. मक्यात कडकड वाजत होती, ताटं मोडत होती. मला कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं. फोकस लावला असता, नुसता ओरडलो असतो, तरी डुकरं पळाली असती. पण फोटो इतके सुंदर येत होते — मी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिलो. आवरताना बॅटरी मारून पाहिलं, तर मका आडवा. घाबरलो. सामान गाडीत कोंबलं आणि घर गाठलं. बटन तसंच बंद राहिलं.

सकाळी वावरात माणसं जमली. मीही गेलो, बघ्यांमध्ये उभा राहिलो. सुखदेवभाऊ आबांवर उखडले होते.

“आबा, लाइट लावला होता का नाई?”

“लावला त होता… दाबलं होतं मी बटन.” मग आबा त्या बटनाकडे बघत राहिले. “नाई त नसनच लावला. इसरलो असन बाप्पा.”

माझं एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही. कशाला भ्यालो? भाऊंच्या शिव्यांना? गावात हसं होईल याला? हो, एवढ्यालाच.

त्या दिवसापासून फोकस लावायचं काम सुनेकडे गेलं. मग देवाजवळचा दिवा गेला, म्हशीला पाणी दाखवायचं काम गेलं — “राहू द्या आबा, तुमी इसरसान.” आबाही स्वतःला तपासायला लागले. कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघायचे. आपण जेवलो का, हे सुनेला विचारायचे. सुखदेवभाऊ माझ्याच दुकानात आले, आठवणीसाठी काही मिळतं का म्हणून. मी टॉनिकची बाटली दिली. वर सांगितलं, वयानं होतं असं. याच तोंडानं सांगितलं.

फोटो उत्तम आला. ओळखीतल्या हौशी मंडळींनी फार वाखाणला. मी तो फ्रेम करून गल्ल्यामागे लावला.

परवा आबा बाटली न्यायला स्वतः आले. बाकावर बसून फोटोकडे बघत राहिले. कुठून काढला, म्हणाले. मी म्हटलं, आपल्या वावरातून. “कवा?” — आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं. “तुमचा मका गेला ना आबा, त्याच रात्री.” आता यांना कळणार, असं वाटलं. कळावं, असंही वाटत होतं.

आबांचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी.

“म्हंजे मी लाइट लावाचा इसरलो, म्हून तुले हा फोटो भेटला? बरं झालं बाप्पा. कोनाच्या त कामी आलं माहं इसरनं.”

मी “हाव आबा” म्हणालो, आणि टॉनिकची बाटली कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली.