चुन्याखालची चीर

दगडखाण म्हटलं की पुण्याच्या माणसाला वाघोलीकडचा उघडा खड्डा आठवतो. आमच्या ह्यांची खाण तसली नव्हती. परराज्यात, पार डोंगराच्या पोटात. आतला दगड काढत पुढे जायचं आणि छत तोलायला मधेमधे दगडाचेच जाडजूड खांब सोडायचे. पण खांबातही दगडच की! हडपसरच्या एसी ऑफिसातून हुकूम सुटायचा, अजून जरा तासा. तासून तासून खांब मधे कुरतडलेल्या पेरूसारखे झालेत, असं हे सांगायचे.

हे तिथे इंजिनिअर. प्रत्येक खांबावर चुन्याचा पट्टा ओढून ठेवायचे. पांढऱ्यावर काळी चीर उमटली की समजायचं, खांबाला भार सोसवत नाही. शेवटच्या भागातल्या एका खांबावर अशी चीर उमटली आणि रुंदावत गेली. तिथलं काम थांबवा म्हणून ह्यांनी मॅनेजरच्या मागे लकडा लावला. मी सदाशिव पेठेतून रोज फोनवर एकच विचारायची, माणसं बाहेर काढली का? दसऱ्यानंतर बघू म्हणतात, हे उत्तर. म्हणजे डोंगराने मुहूर्त बघून कोसळायचं!

खंडेनवमीला मालक अवजारांच्या पूजेला येणार, म्हणून मॅनेजरने झाडून साऱ्या खांबांना नवा चुना फासला. वर झेंडूची तोरणं. चीर गडप. मालकांनी खाणीच्या स्वच्छतेचं कौतुक केलं म्हणे. सोनं वाटून झालं आणि काम पुन्हा सुरू.

मग हे एकटेच आत गेले, चीर शोधायला. चुना खरवडत असतानाच खांबाची एक बाजू निखळली आणि छताचा दगड हेल्मेटवर आपटून ह्यांच्या कमरेवर आला. जीव वाचला, पाय गेले.

चौकशीत सगळ्यांनी एकच सांगितलं, चीर आम्ही पाहिली नाही. खरंच सांगत होते मेले! दिसायला शिल्लक कुठे ठेवली होती? उलट, ह्यांनीच खांब उकरला असा ठपका आला. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

यंदा खंडेनवमीला मी ह्यांचं हेल्मेट पाटावर मांडलं. त्याच दिवशीचं, मधोमध तडकलेलं. पूजेत ते बरं दिसेना, म्हणून तडकलेल्या जागी झेंडूचं फूल ठेवलं.

हे खाटेवरून बघत होते. म्हणाले, "ते फूल काढ. तडा दिसू दे."