बारशाआधी दिलेलं नाव

सगळ्यांना नमस्कार. मी या ग्रुपवर नुसती वाचत असते, लिहिलं कधीच नाय. शिक्षण आठवी. हे पण मी फोनमधी बोलतीय अन् फोन लिहितोय, तर चुका असतील त्या समजून घ्या... अन् मधीच तुटलं तर पोरगी उठली असं समजा.

आधीच सांगते, भूतबित मानणारी बाई मी नाय. माहेरी कन्नडकडं आमचं शेत मसणवट्याला खेटून आहे. कापूस वेचायला मी एकटी जायचे, तिथंच बांधावर भाकर खायचे, कधी काय दिसलं नाय. तुमच्यातल्या काही जणांचे अनुभव वाचून मी हसलेली पण आहे. खोटं कशाला बोलू. आता हसत नाय.

अन् ज्यांना फोनमधली ती जंगल-जादूची गेम नव्यानं सुरू करायची असंल त्यांनी तर नक्कीच वाचा. गेमचं नाव सांगत नाय. माझ्या पोरीचं पहिलं नाव पण सांगणार नाय, कोणी कितीबी विचारा. का ते पुढं कळंल.

आम्ही बजाजनगरला राहतो. खालची रूम, एक किचन, खिडकी उघडली की समोर कंपनीची भिंत. आमचे हे वाळूजला कामाला, सकाळी गेले की एकदम संध्याकाळी. बाळंतपण करून मी माहेराहून आले अन् दिवसभर मी अन् पोरगी, दुसरं कोणी नाय. मला नुसतं रडू यायचं. कशाचं ते मलाच कळायचं नाय.

पोरीचं बारसं तेव्हा झालेलं नव्हतं. आधी यांचे चुलते वारले, सुतक आलं. ते फिटतंय तर माझी नणंद, छायाताई, गाडीवरून पडल्या, पायाला प्लास्टर. आता आत्याशिवाय बारसं कसं करणार? कानात नाव सांगायचा मान तिचा. ताई हर्सूलला राहतात, पण पाय टेकवता येईना. असं करत करत पोरगी पालथी पडाय लागली तरी बिननावाचीच. सगळे 'बाळी' म्हणायचे. नाव आम्ही दोघांनी ठरवलं होतं, पण बारशाच्या आधी तोंडातून काढायचं नाय असं सगळ्यांनी बजावलेलं. मी काढायचे. कोणी नसलं की तिच्या कानाशी जाऊन हळूच म्हणायचे... अन् ती वळून बघायची. हसायची. खरंच.

माझे दीर उस्मानपुऱ्यात मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात आहेत. मी त्यांना भावजी म्हणते. त्यांनी माझी अवस्था बघितली अन् एक जुना फोन आणून दिला. मागचं झाकण निघतं, बॅटरी निघते, तसला. त्यात गेम टाकून दिली. म्हणले, "वहिनी, मन रमंल. यात नुसती मारामारी नाय, हिंडायचं, फुलं तोडायची, लोकं भेटत्यात."

एका रविवारी त्यांनी बसून शिकवलं. पहिलं आपलं माणूस बनवायचं. म्हणले तलवारवाली बनवू नका, नवीन माणूस पटकन मरतं, औषधवाली बनवा, तिला सगळे सांभाळून घेतात. सुरुवातीचं गाव सोडून लांब जायचं नाय. अनोळखी कोणी काय मागितलं तर द्यायचं नाय. अन् हे त्यांनी दोनदा सांगितलं — गेम बंद करायच्या आधी आपल्या माणसाला धर्मशाळेत नेऊन ठेवायचं. तसंच बंद केलं तर ते बाहेरच उभं राहतं, आपण नसताना. बटनं इंग्लिशमधी होती. ते म्हणले हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाय. अन् सुरुवातीला सगळं हिरवंच दाबायचं असतं हो... घे, चल, झालं, पुढं. मला तेवढीच सवय लागली.

मग नाव टाकायचं आलं. भावजी म्हणले काय टाकू? मी म्हणलं द्या इकडं, मी टाकते.

तीच माझी चूक. पण मला काय माहीत? मी त्या बाहुलीला दोन वेण्या घातल्या, गालावर खळी पाडली, कारण आमच्या पोरीला खळी आहे. मला वाटलं मोठी झाल्यावर आपली पोरगी अशीच दिसंल. अन् तिच्या डोक्यावर तिचंच नाव आलं, चमकत. ती गवतातून चालली की मला इतकं बरं वाटायचं. माझी पोरगी मोठी झाली, एकटी हिंडती, कोणाला भीत नाय... काही दिवस मी रडलेच नाय. रोज दुपारी पोरीला साडीच्या झोळीत टाकायचे, एका हातानं झोका अन् एका हातात फोन.

त्या गावात मधोमध एक विहीर होती. विहिरीपाशी एक बारकं पोरगं कायम उभं असायचं. पोरगं का पोरगी ते कळायचं नाय, कारण तोंड विहिरीकडं. तिथं प्रत्येकाच्या डोक्यावर नाव असतंय. त्याच्या नव्हतं. मला वाटलं गेममधलंच असंल, झाडासारखं.

एक दिवस मी तिथून चालले तर घंटी वाजली. गेममधी तुम्हाला कोणी नावानं हाक मारली की घंटी वाजते, शेळीच्या गळ्यात असते ना तसली बारकी. बघते तर त्या पोराच्या बाजूला मराठीत लिहून आलं —

नाव चांगलंय.

मी हसले. म्हणलं आपल्याकडचंच कोणतरी खेळतंय. पुढच्या दिवशी परत घंटी. कोणी ठेवलं, असं विचारलं. मी बोलून लिहिलं, मी ठेवलं. मग आलं —

मला कोणी ठेवलं नाय.

मला कसंतरीच झालं. कीव पण आली. संध्याकाळी भावजींना फोन केला तर ते म्हणले कोणतरी टवाळ पोरगं असंल, टाइमपास करत असंल, तुम्ही लक्ष देऊ नका. मग म्हणले, "पण वहिनी, बिननावाचं तिथं जाताच येत नाय. कसं केलं त्यानं, मला पण सांगा."

आता मी काय सांगणार...

त्याच्यानंतरच्या एका दुपारी पोरगी लई रडत होती. दात येत असतील, माहीत नाय. एक हात झोळीला, एक हातात फोन. माझी बाहुली विहिरीपाशीच उभी होती अन् एकदम पडद्यावर चौकट आली. इंग्लिश. खाली हिरवं, लाल. माझं अर्धं लक्ष झोळीत. मी हिरवं दाबलं.

अन् पोरगी रडायची थांबली. हळूहळू नाय. लाईट गेल्यावर मिक्सर बंद पडतो तसं, मधीच.

मी फोनकडं बघितलं. ते बारकं पोरगं पहिल्यांदा वळलं होतं. तोंड नीट दिसत नव्हतं, पण डोक्यावर नाव होतं. माझ्या पोरीचं. माझ्या बाहुलीच्या डोक्यावर काहीच नव्हतं. मला इतकी भीती वाटली की मी फोन तसाच बंद केला, गादीवर टाकला अन् झोळीकडं धावले. धर्मशाळेत न्यायचं डोक्यातच आलं नाय.

पोरगी जागी होती. डोळे उघडे, वर बघत पडलेली. मी नाव घेतलं. वळली नाय. परत घेतलं... नाय. बाळी म्हणलं, चिमटा काढला, पायाला गुदगुल्या केल्या. ती बघायची माझ्याकडं, पण कशी, बसमधी शेजारच्या बाईकडं बघतो तशी.

त्या दिवसापासून ती रडलीच नाय. तुम्हाला वाटंल चांगलंय की. ज्यांना लेकरं आहेत त्यांना विचारा. छातीशी घेतलं की प्यायची, नाय घेतलं की मागायची नाय. ओली झाली तरी तशीच. खळी तर दिसेनाच. डॉक्टरांना दाखवलं, टाळी वाजवली की वळायची, वजन ठीक, ताप नाय. ते म्हणले शांत बाळ आहे, नशीबवान आहात. आमचे हे पण म्हणले उगाच काय डोक्यात घेतेस. मी रात्रंदिवस तिच्या नाकापुढं बोट धरून बसायचे. मला एकच — माझी पोरगी परत येती का नाय.

फोनचं मी भावजींनाच सांगितलं. ते हसले, पण माझं तोंड बघून बॅटरी काढून स्वतःबरोबर दुकानात घेऊन गेले. नुसता रिकामा फोन मी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला.

मग छायाताईंचं प्लास्टर निघालं अन् बारसं ठरलं. रविवार, सकाळची वेळ, रूममधी बायकाच बायका. ताई लई बोलक्या, काठी टेकत आल्या अन् आल्या आल्या मला म्हणल्या, "काय गं, पोरीपेक्षा तूच वाळलीस." आमच्या यांनी ताईंच्या कानात ठरलेलं नाव सांगितलं. पाळणा म्हणून झाला. ताई वाकल्या, बायका मागून पाठीत धपाटे घालायला तयार. कुर्रर केलं अन् नाव घेतलं.

घंटी वाजली.

तांदळाच्या डब्यातून. तीच, शेळीच्या गळ्यातली. कोणतरी म्हणलं फोन बंद करा गं कोणाचा असंल तो. मी अन् दारात उभे असलेले भावजी एकमेकांकडं बघत राहिलो. बॅटरी दुकानात होती.

ताईंनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. दुसऱ्यांदा वाजली. पोरगी वर बघत पडलेली, हलली पण नाय. ताई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तोंडात पदर कोंबला होता.

"काय करून ठेवलंस गं तू?" हळूच म्हणल्या, फक्त मला ऐकू जाईल असं.

मी नुसती मान हलवली... ते नाव नको, ते नको. ताई परत पाळण्यात वाकल्या अन् कोणाला न विचारता तिसरंच नाव घेतलं. जुनं, त्यांच्या आजीचं. बायकांनी धपाटे घातले, अन् त्या गोंधळात माझी पोरगी रडली. इतकी मोठ्यानं रडली की वरचे घरमालक खाली आले. सगळ्या हसल्या, काय आवाज आहे म्हणल्या. मी तिला उचललं तर तिनं माझ्या गळ्यातलं धरलं अन् सोडंना. आमचे हे नावावरून ताईंवर चिडले, काही दिवस बोलले नाय. मला कशाचं काय नव्हतं. माझी पोरगी मला बघत होती.

जाताना ताईंनी मला किचनमधी नेलं. मी सगळं सांगितलं, फक्त विहिरीचं सांगायचं राहिलं, मी रडत होते. त्या म्हणल्या, "कानाशी तोंड नेलं तर आतून गार हवा आली गं. विहिरीत वाकून हाक मारल्यावानी झालं."

इथंच संपलं असतं तर मी कशाला लिहिलं असतं.

पोरगी आता चांगली आहे. रांगती, नव्या नावानं हाक मारली की खिदळत येते, खळी पडते. पण भावजींना राहवलं नाय. त्यांनी स्वतःच्या फोनवरून गेममधी जाऊन त्या गावात बघितलं. मला सांगतच नव्हते, जेवायला आले तरी खाली मान. मी पोरीची शपथ घातली तेव्हा बोलले. विहिरीपाशी आता बारकं पोरगं नाय. तिथं एक मोठी पोरगी उभी आहे, दोन वेण्या, गालाला खळी. डोक्यावर नाव नाय.

भावजींनी तिला विचारलं, कोण तू. तिनं लिहिलं —

आई मला धर्मशाळेत न ठेवताच गेली.

धर्मशाळा हा शब्द भावजींचा. त्या रविवारी त्यांनी फक्त मला सांगितलेला. गेममधी तो कुठंच लिहिलेला नाय. फोन अजून तांदळातच आहे, बॅटरी अजून दुकानात. मग तिला तिथं कोण खेळवतंय? भावजींनी तर गेमच काढून टाकली. आता आमच्या यांना पण सगळं सांगितलं, ते म्हणतात फोन नाल्यात टाकून दे. मला टाकवत नाय. अन् चालू करायची पण हिंमत होत नाय, कारण परत चौकट आली, परत हिरवं आलं तर? माझी पोरगी माझ्या मांडीवर आहे, मी तिला हात लावून लावून बघते, हीच आहे माझी. मग ती कोण? तिला वेण्या तर मीच घातल्या होत्या ना.

म्हणून नवीन खेळणाऱ्यांना सांगते, लेकराचं नाव तिथं देऊ नका. जे वाचता येत नाय ते दाबू नका. अन् कोणाला ती विहिरीपाशी दिसलीच... तर तिला नाव विचारू नका, तिच्याकडून काही घेऊ नका, पण जमलं तर तिला तेवढं धर्मशाळेपर्यंत घेऊन जा. बाहेर एकटी उभी आहे हो ती.

हे काय आहे ते मला आजपण कळलं नाय. तुमच्यात कोणी शिकलेलं असंल तर सांगा. फक्त एवढं पण सांगा, की दुपारी पोरगी पोटभर पिऊन माझ्याजवळ गाढ झोपलेली असते, घरात कसलाच आवाज नसतो, अन् मला एकदम पान्हा फुटतो, ब्लाउज भिजून जातो... तो कोणासाठी?