बाबांनी स्वतःच्या फोटोला हार घातला

मंडळी, सकाळपासून कोणाला विचारावं ते सुचत नाही, म्हणून इथंच लिहिते.

अकोटजवळ आमची झेंडूची शेती आहे. बाबा मंदिरापुढं हार विकतात. लॉकडाऊन लागल्यापासून मंदिरही बंद आणि लग्नंही बंद. फुलं तोडली नाहीत तर झाड नवी कळी धरत नाही, म्हणून बाबा रोज तोडतात, हार ओवतात आणि संध्याकाळी उकिरड्यावर टाकतात. बोलत मात्र कोणाशीच नाहीत.

आज त्यांनी देवांच्या तसबिरींना हार घातले, मग आजोबांच्या फोटोला घातला आणि शेवटी भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोलाही.

आई ओरडली, "काहून असं करता तुमी? जित्या माणसाच्या फोटोले हार घालते का कोणी?"

बाबा शांतपणे म्हणाले, "मापात बसते का, पाहून राहिलो."

आईनं तो हार ओढून तोडला. मी बाबांजवळ जाऊन बसले आणि सांडलेली फुलं वेचू लागले. त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारायची भीती वाटते, आणि न विचारायची त्याहून जास्त.

तुमच्या घरात कोणी असं गप्प झालं होतं का? तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात? लवकर सांगा. बाबांनी दुसरा हार ओवायला घेतलाय, आणि माप तेच आहे.