डोंगरेकाकांचा जोडकारभार

डोंगरेकाका आमची बेल नेहमी दोनदा वाजवायचे. "एकदा वाजते ती हात लागून. दोनदा वाजली म्हणजे माणूस आलाय," असं त्यांनी पहिल्याच भेटीत, दारात उभं राहूनच मला समजावलं. खिशात दोन पेनं, डोळ्यांवर एक चष्मा आणि गळ्यात दुसरा. आता काका-काकू मुलीकडे राहायला गेलेत, तरी बेल वाजली की मी दुसरीची वाट बघते.

इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर राहायचे. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात झालेली. तिथे म्हणे चालत्या पंपाशेजारी दुसरा पंप तयारच असतो. ते वळण घरातही उतरलं होतं. दोन टॉर्च, दोन लायटर, देवघरात निरांजनंही दोन. "एकाचं काय खरं!" हे त्यांचं ब्रीद. त्यावर काकू म्हणायच्या, "बायको तेवढी एकच केलीत, उपकार झाले!"

हे त्या कुजबुजत म्हणायच्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला होता, उरली होती घोगरी कुजबुज. त्याआधी कॉलनीतल्या एकूणएक बारशांना पाळणा त्यांनीच म्हटलेला. काकांनी ती सगळी गाणी संगणकात साठवली होती, अर्थातच दोन डिस्कवर. एकीवर जे लिहिलं जाईल, ते आपोआप दुसरीवरही. ऑपरेशननंतर मात्र काकू रेकॉर्डिंगला साफ नाही म्हणाल्या. "ह्या आवाजाची कसली आठवण ठेवायची?" काकांनी दोनदा विचारलं आणि विषय सोडला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बेल दोनदा वाजली. "मेघा, चल. एक डिस्क गेली. गाणी आता एकीवरच आहेत. नवी आणलीय, पण काम दोघांनी करायचं. एकाने करायचं, एकाने बघायचं."

बघण्याचं काम माझं. त्यासाठी काकांनी वीजकेंद्रातल्यासारखं वहीत चक्क कामाचं परमिट लिहिलं होतं. वीज बंद केली? सही. मग पडद्यावरून टिपलेला बिघडलेल्या डिस्कचा नंबर त्यांनी वहीत शोधला. कुठल्या नंबरची डिस्क संगणकात वर आणि कुठली खाली, ते तिथे लिहिलेलं होतं. वही म्हणाली, खालची. काकांनी खालची डिस्क काढून माझ्यापुढे धरली. "नंबर वाच. जुळतो?" अक्षरं मुंगीएवढी, आणि स्वयंपाकघरातून उपम्याचा वास येत होता. मी न वाचताच "जुळला" म्हणाले आणि सही ठोकली.

"मोडीतली वस्तू तिथल्या तिथे फोडायची, नाहीतर कुणीतरी पुन्हा बसवतं," म्हणत काकांनी दोन हातोड्यांतला मोठा निवडला.

तेवढ्यात काकू उपमा घेऊन आल्या. त्यांनी डिस्क पाहिली, तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. शेवटी ताटल्या खाली ठेवून त्यांनी एक रिकामी थाळी उचलली आणि उलथन्याने अशी बडवली की हातोडा हवेतच थांबला. काकूंनी धावत येऊन डिस्कच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कुंकवाचा ठिपका होता.

"दसऱ्याला... वरची आधी आणून दिलीत. तिलाच कुंकू लावलं मी. ही वरची!"

आता उलगडा झाला. दसऱ्याला काकांनी पान्हे, पकडी आणि दोन्ही डिस्क पाटावर मांडून पूजा केली होती आणि परत बसवताना वरची खाली गेली होती. वही मात्र जुनंच सांगत होती. मी आता कुठे नंबर वाचला. जुळत नव्हता. आणखी एक क्षण, आणि काकूंचा आवाज माझ्या सहीनिशी फुटला असता.

मला रडूच आलं. काका हातोडा खाली ठेवत म्हणाले, "अगं, पूजा मी केली, सही तू केलीस. चूकसुद्धा दोघांनी मिळून केली. एकाचं काय खरं!" मग आम्ही तिघं जे हसत सुटलो! काकूंच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत होते. उपमा तसाच गार झाला.

ह्या खेपेला नंबर मी दोनदा वाचला. काकांनी कुंकवाची परत जागेवर लावली, बिघडलेली काढून नवी बसवली, आणि दुपारपर्यंत सगळी गाणी तिच्यावर उतरली. खात्री करायला काकांनी एक पाळणा लावला. काकूंचा तो जुना, स्वच्छ आवाज खोलीभर झाला. आणि दारात हात पुसत उभ्या असलेल्या काकू हळूच त्यात मिसळल्या, घोगऱ्या, मध्येच तुटणाऱ्या आवाजात. काकांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला आणि तसाच मागे आला.

काकूंनी ते पाहिलं. जवळ येऊन त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "करा रेकॉर्ड. एकाचं काय खरं!"

काकांनी आपला फोन रेकॉर्डिंगला लावला आणि दुसरा माझ्याकडून मागून घेतला.